दहा नंबरचा पाना

डेपोत माझं काम असं :
जॉबकार्डावर लिहिलेला नंबर,
त्याच नंबरचा पार्ट, त्याच नंबरचा बोल्ट.
गाडी वर्ध्याची असो की चिमूरची,
मी बसवलेला क्लच आणि उईकेनं बसवलेला क्लच
यांत कुणी बोट ठेवून फरक दाखवला
तर दोघांनाही मेमो.

म्हणून गावी परतलो की
हात आधी डिझेलनं धुतो, मग साबणानं,
आणि न्हाणीमागच्या टिनाखाली
पोतं टाकून बसतो.
समोर नंदी.

दसरू सुताराचा.
हिंगणघाटच्या बाजारात ओळीनं मांडलेल्या
चाळिसांतला एक.
सागाचा म्हणाला, निघाला सालईचा.
चाळीसही एकाच चेहऱ्याचे,
पोरीनं याच्यावरच हात का ठेवला
ते तिला तेव्हाही सांगता आलं नाही.

पहिल्या साली फक्त चाकं बदलली.
भंगारातल्या पंख्याचे बेअरिंग.
तान्ह्या पोळ्यात बाकीची पोट्टी नंदी ओढत होती,
आमचा मात्र शाळेच्या उतारावर
दोरीसकट पुढं निघून गेला
आणि पोरगी मागं, एक चप्पल हातात,
"थांब न रे, थांब!"

त्या रात्री मला झोप आली नाही.
मान हलली पाहिजे, असं वाटत राहिलं.

सायकलची चेन, घड्याळातलं एक चाक,
दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा.
मान हलली.
पण आडवी.
घरोघरी बोजारा मागायला गेलेला नंदी
अख्ख्या गावाला नाही, नाही, नाही म्हणत फिरला.
बोजारा निम्मा आला.
पुढच्या साली त्याला हो म्हणायला शिकवलं.

कान चपलेच्या पट्ट्याचे.
शिंगं दोनदा काढली, तिसऱ्यांदा पहिलीच बसवली.

बायको म्हणते, "एवढ्या पैशात चार नंदी आले असते."
आले असते.
चारही दसरूचे असते.

रामटेके मास्तर म्हणाले,
"मंग अख्खा नवाच काहून नाही घडवत?"
मी बिडी विझवली, बोललो नाही.
खरं म्हणजे कोऱ्या लाकडापुढं माझे हात मुके होतात.
कुणीतरी आधी काही बोललेलं लागतं मला,
म्हणजे "तसं नाही, असं"
एवढं तरी म्हणता येतं.

आता दसरूचं त्यात उरलंय काय?
पाठ. आणि पाठीवर, वशिंडाच्या मागं,
त्याची पटाशी घसरली तिथला अंगठ्याएवढा खड्डा.
लांबीचा डबा तीनदा उघडला, तीनदा बंद केला.
नंदी उचलताना माझा अंगठा
नेमका तिथंच बसतो.

परवा ड्युटीवरून आलो
तर टिनाखाली माझ्या जागेवर पोरगी.
आता बारा वर्षांची.
मानेचे दोन भाग, बेअरिंग स्टीलच्या ताटात,
आणि ते चाक,
जे जमवायला मला तीन पोळे लागले,
त्याचा एक दात तिनं कानशीनं घासून उडवलेला.

"हे काय केलं व?"
आवाज चढलाच माझा.

"हालते तं चांगलीच, बावा.
पण सारखीच हालते.
खऱ्या बैलाची अशी हालते का?
माशी बसली का मंग हालते."

मी ताटात पाहिलं.
दात नसलेल्या जागी चाक अडखळणार,
मान क्षणभर थांबणार,
आणि मग एकदम झटका.
माशी.

एवढी वर्षं मला ती दिसलीच नव्हती.

तिनं वर न पाहताच हात पुढं केला,
"दहाचा पाना."
खिशात बाराचा होता.
दहाचा शोधायला उठलो.